बेरी

चिखलडोहच्या माळावर आमची नळी
साडेचारशे मीटर खाली गेलीय.
वर येईल तो दगड मी लाकडी पेटीत मांडतो,
खडूनं खोली लिहितो,
पुसली गेली तर पुन्हा लिहितो.

गावात बातमी आधीच पोचली: तेल लागलं.
झिबल कोडापे सायकलला पाच लिटरचा कॅन बांधून आला.
सकाळपासून पळसाखाली बसलाय,
इथं बिडी पेटवायची नाही म्हटल्यावर
नुसती कानावर ठेवून.

नगराळे मॅडम तंबूत काचेखाली पाहतात
दगडात अडकलेले बीजाणू,
कुठल्याशा नेच्यांचे, कुठल्याशा डबक्यात झडलेले.
रंगावरून कळतं म्हणे
दगडाला किती ताप चढला होता.
पिवळे, तर कच्चं.
मधासारखे तपकिरी, तर तेल.
काळे असले की त्या काही बोलत नाहीत.

तीनशे नव्वदला पिवळे.
चारशे आठला मधाचा रंग,
चार बोटांच्या पट्टीत, बस.
चारशे पंधरापासून काळे.
आणि चारशे अठराला तो:
नऊ मीटर जाड दगड,
जो वरून साचला नव्हता,
थरांच्या फटीतून आडवा घुसला होता
वितळलेला, बोलावलं नसताना.

"तीनेक वर्षांत निवला असेल," मॅडम म्हणाल्या,
नात्यातल्या कुणाचा आजार सांगावा तसं.
गाळ साचण्यात, दबण्यात कोट्यवधी वर्षं गेली.
आणि तीन वर्षं.
माझी धाकटी तीन वर्षांची आहे.

चुलीपाशी कौतिकाबाई लोणी कढवत होती.
"म्हंजे जाळ मोठा झाला म्हना.
तूप उडालं, बेरी राह्यली."
"मंद आच हवी होती," मॅडम म्हणाल्या.
"मंद आचेवर ठेवाचं त कोनी जवळ बसा लागते, बाई.
थ्या टायमाले कोन होतं बसाले?"
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं,
मग खोडलं.

उन्हं कलल्यावर चारशे आठचा एक तुकडा फोडून
मी झिबलच्या नाकाशी धरला.
"राकेलवानी," तो म्हणाला,
आणि दगड माझ्या हातातून घेऊन
पुन्हा हुंगला.

बेरीत गूळ कालवून कौतिकाबाईनं
सगळ्यांच्या तळहातावर एकेक चिमूट ठेवली.
करपली होती थोडी.
झिबलनं बोटं चाटली,
आमच्या टाकीतून कॅनभर पाणी घेतलं
आणि बिडी कानावरच ठेवून
सायकल ढकलत निघाला.