दोन्ही हात डावे

कागद उलटा ठेवायला विसरले,
म्हणून माकडाला दोन्ही हात डावेच आले.

अंग ह्यांच्या चौकड्याच्या लुंगीचं,
पोटात सावरीचा कापूस,
शिंकून शिंकून माझं नाक लाल.
खांद्यांत, मांड्यांत शर्टाची बटणं
आणि आरपार जाळ्याचा तंगूस;
साधा दोरा पाजपंढरीच्या खाऱ्या हवेत
दिवाळीही बघत नाही.
गाठ दातांनी ओढली,
जिभेवर बांगडा.

हेमांगीनं हात फिरवून पाहिले,
वर, मागे, पुन्हा वर.
उसवायला कात्री घेतली तर म्हणाली,
राहू दे, वल्हवतोय तो.
पण एकाच बाजूनं गं आई,
होडी जागच्या जागी गोल फिरणार.

ह्यांचा ट्रॉलर अकरा दिवस बाहेर.
कात्री खाली ठेवली.
फिरू दे, म्हटलं.
लांब तरी जाणार नाही.