जे आधी येईल ते

पुस्तिकेत छापलंय : दहा हजार किलोमीटर
किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.
छत्तीस वर्षं लेखा खात्यात काढली,
असली वाक्यं मला डोळे मिटूनही कळतात.
गाडीपुरतं मात्र मी वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

सहा वर्षांत नऊ हजार दोनशे चाळीस.
चोडणच्या घरापासून धक्का, मग फेरीबोट.
हँडब्रेक ओढून गाडी उभी, खालून मांडवी चालते,
ते अंतर मीटरला चढत नाही.
पलीकडे रायबंदर, पणजी, बँक, मासळी, परत.
निम्म्या वाटेवर इंजिन उठतच नाही,
गाडी बॅटरीवर सरकत राहते,
मिठागरातल्या बगळ्यांनाही कळत नाही कोण गेलं.

चवथीनंतर एका सकाळी किल्लीला ओ देईना.
कामिलो पहिल्या बोटीने आला, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.
"व्हडली बॅटरी बरी आसा, बाय. धाकटी मेली."
घरातली मोठी माणसं धडधाकट,
आणि दार उघडायला पोर नाही, तसं काहीसं.

मग त्याने ऑइलचं झाकण फिरवून माझ्यासमोर धरलं.
आत दूध घातलेल्या कॉफीचा थर.
इंजिन दोन मिनिटं जागं होतं, तापत नाही,
आतलं पाणी उडून जात नाही.
ब्रेकच्या चकत्यांवर जांभ्याच्या रंगाचा गंज :
वेग मोटरच कमी करते,
खऱ्या ब्रेकला कामच मिळत नाही.
आणि मागच्या सीटजवळच्या जाळीत,
जिथून मोठी बॅटरी श्वास घेते,
माझ्या मांजराचे केस.

पण ती चाललीच कुठे, मी म्हटलं.
मला माझाच आवाज जुन्या ऑफिसातला वाटला.
त्याने हात पुसले.
"गाडी चलूंक ना म्हूण वर्सां रावतात व्हय?"

दर साली चवथ सरली की ऑइल, त्याने सांगितलं,
आकडा बघायचाच नाही.
ब्रेकचं तेल दोन वर्षांनी, ती पिऊन बसते हवेतली ओल.
आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग,
फेरीकडे नको, चढाच्या रस्त्याने.

रात्री वहीत जागा लिहायला बसले.
चौसष्टाव्या वर्षी माझं सगळं दहा मिनिटांत आहे :
देऊळ, दवाखाना. पोदेर तर दारातच येतो.
अर्धा तास सलग म्हणजे मये ओलांडून
डिचोली, त्यापुढे कारापूर.
कारापुरात मी एकच घर ओळखते.

प्रतिमा गावस.
एका व्हाउचरवर तिने माझ्या आधी सही केली होती.
तेवढंच. भांडण नव्हे,
नुसतं उभं करून ठेवलेलं, नऊ वर्षं.
वापरलं नाही म्हणजे होतं तसंच असेल,
असं मी धरून चालले होते.

रविवारी मयेच्या चढावर इंजिन उठलं,
बोलण्याआधी कुणी घसा साफ करावा तसं.
मी काच खाली केली.
खाणीचे ट्रक कडेला ओळीने उभे,
एकाच्या चाकातून घाणेरी फुललेली.

कुळागराच्या कडेने उतरताना
ब्रेक जोरात दाबला. गंज खरवडला गेला,
आवाज फाटकापर्यंत पोचला.
ती बाहेर आली. केस पार पांढरे.
माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं.
"नवी घेतलीस?"
"सहा वर्षं झाली."
ती चाकापाशी वाकली, बघितल्यासारखं केलं.
"आत घे. उन्हात नको."

मी रिव्हर्स टाकला.
गाडी आवाज न करता मागे येऊ लागली,
त्यामुळे किती आली ते तिला कळेना,
आणि ती सुपारीच्या झाडापाशी उभी राहून
हात हलवत म्हणत राहिली,
ये. ये अजून. आहे जागा.