मर्जी असेतो

ओझेल ट्रिबेटच्या बाकावर दोनच गोष्टी :
पितळेची पट्टी, आणि तिच्याशेजारी
कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच.
अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडे, कपडे धुणाऱ्याच्या दुकानावर,
तेवीस वर्षं तो मंत्र्यांची नावं कोरतोय
खुर्च्यांच्या पाठीवर बसवायला.

लव्हीनिया प्रुइट, कृषी.
हे नाव त्याच्यापर्यंत यायला पाच महिने लागले.
आधी अध्यक्षांनी उच्चारलं,
मग तपासनीस कॅन्ससला जाऊन शेजाऱ्यांना विचारून आले
बाई कर्ज बुडवते का, आणि कुणाकुणाशी बोलत नाही.
मग सिनेटची समिती. तिथे एका म्हाताऱ्याने
तिचं एकोणीस वर्षांपूर्वीचं पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं,
एका स्वल्पविरामावरून तासभर धरून बसला.
शेवटी एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास.
वर गॅलरीत तिच्या आईच्या तोंडात हातरुमाल.

ओझेलने एकच विचारलं :
प्रुइटमध्ये टी एक की दोन?

नाव, खातं, शपथेची तारीख.
तारखेपुढे बोटभर जागा त्याने मोकळी सोडली.
नवा शिकाऊ पोरगा म्हणाला, पट्टी एका बाजूला कलल्यासारखी दिसतेय.
‘भरेल,’ ओझेल म्हणाला, सँडविच उचलत.

टेबल अंडाकृती. खात्याच्या वयानुसार जागा :
जुनी अध्यक्षांजवळ,
नवी पार टोकाला, जिथे विनोद पोचतो
तेव्हा बाकीचे हसून झालेले असतात.
खुर्च्या सगळ्या सारख्या,
एकीची पाठ तेवढी दोन इंच उंच.

ते दोन इंच पुरतात.
कारण काढायला सिनेट लागत नाही,
समिती नाही, चष्मा नाही, मोजणी नाही.
मर्जी खप्पा झाली की गुरुवारी दुपारी,
करपलेल्या मक्याची पाहणी चाललेली असताना,
फोन वाजतो.
प्रुइटबाई कणीस हातात धरून ऐकत राहिल्या,
दोनदा ‘हो सर’ म्हणाल्या,
मग ते कणीस ताटाला परत लावून बघू लागल्या.
संध्याकाळच्या बातम्यांत तो राजीनामा होता,
कुटुंबाला वेळ देण्यासाठी.

आपल्याकडे नारळ देतात. आपल्याकडे खुर्ची जाते.
इथे माणूस जातो
आणि खुर्ची त्याच्या मागोमाग, ट्रकमधून,
कचेरीतल्यांनी वर्गणी काढून विकत घेतलेली.

बोटभर जागेत दुसरी तारीख चपखल बसली.
ओझेलला बरं वाटलं.
बरं वाटल्याची, नंतर, थोडी लाज.

कॅन्ससच्या त्या स्वयंपाकघरात
खुर्चीचे हात जेवणाच्या टेबलाखाली मावत नाहीत.
ती खिडकीशी उभी असते, अंगावर
न घडी घातलेले टॉवेल.
नातू टॉवेल ढकलून तिच्यावर चढतो,
वरच्या फळीवरची पीचच्या मुरंब्याची बरणी
चाचपत राहतो.

‘उतर,’ आजी म्हणते.
स्वतःचाच आवाज ऐकून थबकते.
मग, हात पुसत :
‘हवं तेव्हा उतर.’