नंतर सांगते

बाराव्या दिवशी आत्यानं तिच्या कानात
नाव सांगितलं होतं, कुर्रर्र करून.
बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या.
पाळण्यातली पोर पंख्याकडे बघत राहिली.
दीड वर्षानं परळच्या दवाखान्यात
कागदावरची खाली खाली गेलेली रेघ दाखवली,
तेव्हा मला आधी आत्याच आठवली,
तिचं ते कानाशी लागलेलं तोंड.

हातवारे बंद, म्हणाले.
हातांना सवय लागली की जीभ आळसावते.
मी ऐकलं. ऐकणं मला जमत होतं.
कन्नमवार नगरच्या दहा बाय बाराच्या खोलीत
तिचे हात माझ्या मांडीखाली दाबून
तोंडासमोर तिकिटाची पट्टी धरायची:
प म्हण. पट्टी हलली पाहिजे.
पट्टी हलायची.
पाणी मागता यायचं नाही.

मग जेवणं. सगळे हसतात,
ती एकेकाच्या ओठांवरून डोळे फिरवते,
माझा पदर ओढते: काय झालं?
काही नाही गं. नंतर सांगते.
भाऊबीजेला नंतर. मामाच्या लग्नात नंतर.
शेजारचे गवाणकर काका गेले त्या रात्रीसुद्धा नंतर,
आणि ती चार दिवस त्यांच्या दाराबाहेर
कॅरमचा स्ट्रायकर घेऊन बसलेली.

दादरला पालिकेच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
रविवारी अल्ताफ सर शिकवतात. तेही बहिरे.
पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा आयांना
तासभर काहीच न कळता बसवून ठेवलं.
नाकाच्या चमकीवर बोट, ती आई.
माझं नाक मोकळं, बोट तरी तिथंच जातं.
माझी बोटं जाड. भाकरी, शिवणयंत्र, पापडाच्या ऑर्डरी.
उद्या म्हणायला जाते, काल होतो.
ती माझा अंगठा धरून वाकवते, हलक्या हातानं.
मी तिची जीभ चमच्यानं उचलायचे, तशी नाही.

तिथल्या मुलांनी तिला नाव दिलंय:
भुवईवरच्या खुणेवर दोन बोटं, टक टक.
पहिलीत पायरीवर पडली होती, त्याची खूण.
पंचांग बघून ठेवलेलं हर्षाली
रेशनकार्डावर आहे.

काल वर्ग सुटल्यावर रसवंतीपाशी
ट्यूबलाइटखाली सहा पोरं.
अंधार पडला तशी उजेडात सरकत सरकत
एकमेकांच्या अंगावर आलेली.
एकदम सगळी फुटली हसायला,
झरीना तर खालीच बसली.
मी रसाचे पैसे देत उभी.
काय झालं?
तिनं माझ्याकडे न बघताच हात हलवला: नंतर.

ग्लास तसाच हातात. बर्फ विरघळला.
बसस्टॉपपर्यंत मी काही विचारलं नाही.
तिथं दिव्याखाली तिनं मला खांद्याला धरून
उजेडाकडे वळवलं, सांगू लागली.
कंडक्टर, छत्री, कुणाचा तरी कुत्रा.
मी चुकीच्या जागी हसले.
ती थांबली.
पुन्हा कंडक्टरपासून सुरू केलं, सावकाश,
आमची बस येऊन गेली तरी.