बेचाळीस फ्रेमा

म्याकल चष्मेवाल्यांचा हिशेब
मार्चअखेरीला कधी जुळला नाही.
दोनशे अकरा फ्रेमा आल्या,
एकशे एकोणसत्तर विकल्या,
शिल्लक शून्य.
मी पेन्सिलीनं गोल केला.
"श्रीहरीशेठ, बेचाळीस कुठं गेल्या?"
ते काच पुसत होते. "गेल्या की."
"गेल्या म्हणजे? फुटल्या? चोरीला?
'गेल्या' असं सदर नसतं वहीत."
"मग गुरुवारी या," म्हणाले,
"दुपारी, शटर अर्धं खाली असतं तेव्हा."

साखर पेठेतली एप्रिलची दुपार.
वाकून आत गेलो तर
बाकावर आठ-दहा बाया,
दुकानभर तंबाखूचा वास,
अक्षरांचा तक्ता भिंतीकडं तोंड करून उभा.
म्याकलांच्या चिमटीत
बिडीचा गुलाबी दोरा.
"अक्का, दारम कनपडतुंदा?"
एक भिंग. नाही.
दुसरं. थोडा थोडा.
तिसरं घातलं
आणि बालामणी येमूलनं दोरा ओढूनच घेतला,
पिशवीतनं पान काढलं,
तंबाखू भरली, वळली, बांधली,
आणि पंचवीस वर्षं बोटांनी मारलेली गाठ
डोळ्यांसमोर धरून म्हणाली,
"वाकडीच की गं ही!"
सगळ्या हसल्या. ती जरा उशिरा हसली.

रोज हजारामागं साठ बिड्या छाट,
त्या रात्री पुन्हा वळायच्या,
नळाला पाणी येईतो.
मी हिशेबाचा माणूस, लगेच गुणाकार केला:
साठ गुणिले सव्वीस,
महिन्याला दीड दिवस फुकट,
आणि फ्रेमची खरेदी एकशे दहा रुपये.
"आकडा भारी आहे," मी म्हणालो,
"क्लबात सांगू, सत्कार होईल."
म्याकल म्हणाले,
"सत्कारात चादर देतात, बिराजदारसाहेब.
आमच्यात चादरी विणून विणून माणसं वाकली.
आणखी एक कशाला?"

माझा विषय संपला होता,
शटरखालून निघणारच होतो,
तर जुलेखाबीनं नवा चष्मा नीट बसवला,
पदराआडच्या प्लास्टिकमधनं एक कागद काढला,
जवळ धरला, लांब धरला.
"दिखरा सब," म्हणाली,
"समजरा कुछ नै."
म्याकलांनी कागद पाहिला. मग मला.
"याचं भिंग माझ्याकडं नाही."

फंडाच्या ऑफिसचं पत्र. इंग्रजी.
एका कार्डावर जुलेखा, दुसऱ्यावर झुलेखा,
आणि ज आणि झ यांच्या फटीत
अकरा वर्षांची कापलेली वर्गणी पडून.
गेल्याच शनिवारी मी भाषण ठोकलं होतं
'व्यावसायिक आणि समाजाचं देणं',
पडद्यावर चित्रं दाखवत, चाळीस मिनिटं.
त्या दुपारी माझ्या खिशात पेनही नव्हतं.
म्याकलांचं घेतलं.
बाकाच्या टोकावर, गुडघ्यावर फाइल ठेवून
एक अर्ज भरला.

एका अक्षरासाठी आठ महिने लागले,
चार हेलपाटे,
आणि एका साहेबाशी माझं भांडणही.
रक्कम जमा झाली तेव्हा ती फी द्यायला आली.
मी घेतली नाही, असं लिहायला आवडलं असतं.
तिनं दहाची नोट टेबलावर आपटली,
"फुकट का नै होना,"
आणि मी ती घेतली.
पावती मागितली, तीही दिली.

तेव्हापासून गुरुवारी दोन ते चार
माझ्या डायरीत काही लिहिलेलं नसतं.
कधी पेन्शन, कधी शाळेची फी-माफी,
कधी नुसतंच बँकेच्या पासबुकात काय छापलंय ते.
दोनदा मी चुकलो. एकीचा अर्ज परत आला,
तिनं महिनाभर माझ्याकडं बघितलं नाही.
म्याकलांच्या बेचाळीस फ्रेमा
'नमुना वाटप' म्हणून टाकल्या मी,
कायद्यात बसवून. यंदा त्या सत्तावन्न आहेत.

परवा अशोक चौकात
टँकरच्या रांगेत बालामणी दिसली.
घागर कमरेला, चष्मा नाकावर,
एक दांडी मोडलेली,
गुलाबी दोऱ्यानं बांधलेली.
मी थांबून गाठ बघितली.
अगदी सरळ होती.