गारांच्या सालातली

पलूसच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्या मागं टाकून
डावीकडे वळलो.
बाहेर एप्रिल, तळघरात माघ.

धाकटी सून प्रणोती शिकवत होती
पेला दांडीला धरा,
पोटाला नको, हाताची ऊब लागते त्याला.
आम्ही नाकं खुपसून शोधत राहिलो
जांभूळ, ओलं लाकूड,
मी उगाच म्हणालो, चिंच.

वर जेवताना हौसाक्का आल्या
अख्खा मसूर वाढायला.
जन्मात थेंब घेतला नाही त्यांनी.
माझ्या रिकाम्या पेल्याचा नुसता वास घेतला
आणि म्हणाल्या,
"ही गारांच्या सालातली.
उरलेले घड ह्यांनी एकट्यानं उतरवले होते."

मसूर निवतोय, जेवा.

जाताना तेवढा पेला
घेऊन गेल्या.