अंदाजे

शुलमिथ हे नाव सीबीएसवरच्या हमालांना कधी जमलं नाही.
सुलूमावशी म्हणत.
पोलीसही तसंच लिहीत, पंचनाम्यात.
ती रागवायची नाही. म्हणायची,
हाकेला ओ दिली की झालं.

तिच्या जाड वहीत माझी नोंद एकशे चाळीसावी:
मुलगी. वय अंदाजे सहा. फक्त डाव्या पायात चप्पल.
नाव विचारलं तर पिंकी म्हणते, परत विचारलं तर नाही म्हणते.
आणि खाली, लाल शाईत:
केस कापले, रडली नाही. लिमलेटची गोळी दिली, रडली.

शरणपूरच्या मागच्या गल्लीत तीन खोल्या, एक नळ,
रात्रभर पत्र्यावर पडणाऱ्या चिंचा
आणि अकरा म्हाताऱ्या,
कुंभ उठला तेव्हा घाटावर राहून गेलेल्या.
तंबू मोजून परत नेले होते,
सतरंज्या मोजून, पातेली मोजून.

भागीरथी त्यांच्यातली. वऱ्हाडाकडची.
मुलगा चहा आणायला गेलाय, म्हणायची.
तीन वर्षं तो चहा आणत होता.

एकदा मावशी तिचं गाव, आडनाव चिठ्ठीवर लिहून
पंचवटीत गुरुजींकडे गेली, मला बोटाला धरून.
भिंतभर लांबट चोपड्या, लाल कापडात बांधलेल्या;
आल्यागेल्या प्रत्येक घराण्याच्या सात-सात पिढ्या.
गुरुजी म्हणाले, बाई, तुमच्यातले कुठले इथं सापडायला?
आमच्यातले तुमच्या वहीत कधीच नव्हते, मावशी म्हणाली.
हिचं बघा.

बोट फिरत गेलं. पणजा, आजा,
धाकटी पाती, वांझ राहिलेली सून, कुणाचा दत्तक.
मग थांबलं.
गेल्या भाद्रपदात मुलगा येऊन गेला होता.
आईचं श्राद्ध करून. शाईपेनानं, वळणदार अक्षरात,
खाली सही:
कै. मातोश्री भागीरथी.

परतताना मावशीनं रिक्षा केली नाही.
पुलावरून चालत आलो. मध्येच उभी राहिली,
खाली कुणीतरी चादरी पिळत होतं, तेच बघत बसली.

भागीरथी दारात शेंगा फोडत होती,
दात नसताना. आमच्यासाठी.
सापडलं का?
सापडलं. तुमचं नाव आहे वहीत. मुलानं स्वतः लिहिलंय.
म्हातारी इतकी हसली की सूप कलंडलं.
मी म्हणत नव्हते?

त्या रविवारी पापांगीकाराच्या वेळी
सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे.
मावशीचे ओठ इतरांपेक्षा बराच वेळ हलत राहिले.
मग ते थांबले,
आणि तिनं माझी सैल वेणी घट्ट केली.

चौकशीला साहेब आले होते एकदा, फाईल घेऊन.
किती जणींचा धर्म बदललात?
दोघींच्या कवळ्या बदलल्या, साहेब. पावत्या आहेत.
आणि खरंच काढून दाखवल्या.

भागीरथी गेली ती पौषातल्या थंडीत.
अमरधामला गुरुजी आले, मफलर गुंडाळून,
कचरत म्हणाले, हिचं एकदा झालंय ना.
मावशी म्हणाली, तेव्हा ती हजर नव्हती.
गुरुजींनी मफलर सोडला. मंत्र म्हटले सगळे,
एकही गाळला नाही. दक्षिणेचा विषय
त्यांनी काढला नाही, हिनंही नाही.

आता वही मी भरते. मावशीचे गुडघे गेलेत,
दिवस-वार एकमेकांत मिसळतात,
दूधवाल्याला पाद्रीसाहेब म्हणते, तोही आशीर्वाद देऊन जातो.
काल अचानक वही मागितली.
थुंकी लावून पानं उलटत
माझ्या नोंदीवर आली. पेन टेकवलं.

उजव्या पायातली कुठं पडली होती गं?

मला कुठलं आठवायला.
पुलावर असेल, म्हटलं.

तिनं लिहिलं, थरथरत, ओळीच्या बाहेर जात:
पुलावर.
मग थोडा विचार करून पुढं:
अंदाजे.